सावलीतला पास्ता

घरी केलेल्या पास्त्याच्या लांब पट्ट्या मी लाकडी स्टँडच्या दांड्यांवर वाळत घातल्या आणि स्टँड खिडकीतल्या उन्हात ठेवला. वाऱ्यावर त्या हळूहळू झुलू लागल्या, तशी माझी दुपारही संथ होत गेली.

आई गेल्यापासून बाबा फारसे बोलत नव्हते. ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्टँड सावलीत सरकवला.

“उन्हात तडकतात गं. तुझी आई शेवया सावलीतच वाळवायची.”

इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच तिचा विषय काढला होता. दुःखालाही थेट ऊन सोसत नसावं, असं वाटून गेलं.

“आणखी काय करायची?” मी हळूच विचारलं.

बाबा स्टँडजवळच बसले.

“गुणगुणायची,” ते म्हणाले आणि अडखळत त्यांनी तिचीच चाल धरली.