एनेइदा वहिनीची मळमळ

एनेइदा वहिनीचा कोलंबियातल्या बारांकियाच्या बाजारात मासळीचा गाळा आहे. शेजारचा कसाव्याच्या कंदांचा गाळा माझा, आणि मी तिची नणंद. इतक्या वर्षांत मासळीच्या वासानं तिनं कधी नाक मुरडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मात्र बोकाचिको माशाचे खवले काढता काढता ती सुरा टाकून उठली आणि गटारापाशी जाऊन ओकली.

"वहिनी, दिवस राहिले वाटतं!" मी ओरडलेच.

"गप गं. औषधानंही असं होतं म्हणे."

लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून वहिनी आणि माझा दादा विल्फ्रीदो दवाखान्यात गेले होते. बीजं काढून, बाहेर फळवून, गर्भ पोटात ठेवला होता. ओन्योरो डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की बीजं काढून घेतल्यावर बीजकोष थकतो, गर्भ रुजायला लागणारा रस तो पुरेसा सोडत नाही. म्हणून त्याला बाहेरून आधार द्यायचा: सकाळ-संध्याकाळ आत ठेवायच्या गोळ्या आणि मध्येच एक इंजेक्शन.

वहिनीला एवढंच कळलं की गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण त्या गोळ्यांनी मळमळायचं, छाती दुखायची, झोप यायची, उगाच रडू यायचं. दिवस राहिले तरी हेच होतं. मग आपल्याला जे होतंय ते गोळीचं की बाळाचं, हे ओळखायचं कसं?

आमच्या आईला असले प्रश्न पडत नाहीत. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणली आणि सुनेला संडासात ढकललं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या! आईनं कोंबडी सोलायला घेतली, सांकोचोच्या रश्श्याचं पातेलं चढवलं. दादा बस चालवतो; त्यानं तर भर रस्त्यात बस थांबवून उतारूंना सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणी ओरडलं, "बापा, आधी गाडी हाक!"

वहिनीनं दवाखान्यात फोन लावला. ऐकता ऐकता ती खुर्चीवर बसली.

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"म्हणाल्या, ही रेघ इंजेक्शनची असू शकते. त्या इंजेक्शनात जे असतं, तेच पट्टी शोधते."

"म्हणजे बाळ नाही?"

"तसंही नाही म्हणाल्या."

"मग काय आहे?"

"मला काय माहीत, आई!"

सांकोचो खाल्ला सगळ्यांनी, पण वाढदिवसाचा की तेराव्याचा, कुणालाच उमजेना.

मग रक्त तपासलं. दिवस राहिल्याचा आकडा आला, पण लहान. पुन्हा तपासलं तर थोडा वाढलेला, पण हवा तितका नाही. गोळ्या चालूच ठेवा, म्हणाले. त्यानंतर आकडा उतरत गेला, आणि गर्भ टिकला नाही, गोळ्या बंद करा, म्हणाले. बंद केल्यावर मळमळ गेली, छाती दुखायची थांबली. वहिनी गाळ्यावर आली आणि मोहार्रा मासे साफ करता करता मला म्हणाली, "कधी नव्हे ती त्या ओकाऱ्यांची आठवण येते. मधले ते दिवस मी आई होते का गं?"

मी तिच्या हातातला सुरा घेतला आणि उरलेले मासे साफ केले. रात्री घरी दादा नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

गोठवून ठेवलेला एक गर्भ होता. पुढच्या वर्षी तो पोटात ठेवला. गोळ्या त्याच, पण या खेपेला काहीच होईना. ना मळमळ, ना झोप. वहिनी भराभर मासे कापत होती आणि मनातल्या मनात सगळं संपवून बसली होती. पट्टी आणू दिली नाही तिनं. रक्ताचा आकडा आला, तेव्हा दवाखान्यातली मुलगी फोनवर हसत होती आणि वहिनी तिलाच दटावत होती, "नीट बघ, दुसऱ्या कुणाचा असेल."

पोटातले ठोके पडद्यावर दिसले तरी तिची खात्री पटेना. पुढे ओन्योरोबाई म्हणाल्या, "आता गोळ्या हळूहळू सोडायच्या. वार तयार झाली आहे, तीच सगळं सांभाळेल."

"आणि तिनं नाही सांभाळलं तर?"

"एनेइदा, शरीरालाही थोडं काम करू दे."

घरी येऊन ती दादावर चिडली. आधी एकही चुकवू नको म्हणतात, मग सोडून दे म्हणतात! शेवटची गोळी घेतल्यावर कितीतरी दिवस ती अंग चाचपत राहिली. काही गळतंय का, काही थांबलंय का.

एका दुपारी गिऱ्हाईकाला मासा तोलून देताना ती म्हणाली, "आज पोटात वायू झालाय बाई. आतून टकटक करतोय."

गिऱ्हाईक चार लेकरांची आई होती. तिनं पिशवी खाली ठेवली, वहिनीचे ओले हात बाजूला सारून पोटावर तळवा टेकवला आणि म्हणाली, "हा वायू पुढं शाळेत जाणार हो!"

वहिनी हसली का रडली ते मला गाळ्यावरून नीट दिसलं नाही. मुलगी झाली. दादानं बस थांबवून पुन्हा सगळ्यांना सांगितलं.