त्यांच्या घरचं पाणी

कुवेतमध्ये मंगफला आम्ही एकाच इमारतीत राहतो. माझा भाऊबंद तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. तेलाच्या कंपनीतही एकाच प्लँटला आहोत. लिफ्टमध्ये गाठ पडली की दोघंही मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. आम्ही त्यांच्या घरचं पाणी पीत नाही, ते आमच्या घरचं. गावीही हेच आहे.

मराठे सरदार आपसात लढत होते तेव्हा आमच्या घरातले दोन सख्खे भाऊ दोन फौजांत शिपाई होते. रणात धाकट्यानं थोरल्याला कापलं. आम्ही थोरल्याचे वंशज आणि ते धाकट्याचे, असं आजोबांनी मला शिकवलं. त्यांच्या घरात नेमकं उलटं शिकवतात.

यंदा दसऱ्याला इथली सगळी मराठी मंडळी जमली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या या गृहस्थानं पोराटोरांना गोळा करून ती लढाई रंगवून सांगितली. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, आर वी द बॅड वन्स?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाचे दात त्याच्याच घशात घालायचे, असं ठरवलं.

आमच्या गावी हेळवी येतो. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या कुळाची वंशावळ सांभाळली आहे. ती तो तोंडपाठ म्हणतो. सुगी झाल्यावर तो आला, तसा काकांनी व्हिडिओ कॉल लावला. शुक्रवारची सुट्टी होती. मी मुद्दाम मुलीला शेजारी बसवलं. हेळव्यानं मूळ पुरुषापासून सुरुवात केली आणि तो त्या दोन भावांपाशी आला.

"थोरला बिनलेकराचा गेला," तो म्हणाला. "वेल चालला त्यो धाकल्याचा. त्याला दोन ल्योक. एकाचं तुम्ही, दुसऱ्याचं ते."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, जरा चिडूनच.

तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची बेल वाजवली. दारातच त्याला सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मागंच विचारलं होतं मी त्याला."

"मग पोरांना खोटं का सांगितलंस?"

"तू काय सांगणार होतास?"

एवढं बोलून त्यानं दार लावलं. त्याचा राग आला, आजोबांचा त्याहून जास्त. जिने चढून वर आलो. मुलीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. आमच्याच घरचं पाणी, पण घशाखाली उतरेना.