मी विमानात होते, तेव्हा पिंप्राळ्यात कोण आलं होतं?

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. भूत-बित, करणी-बिरणी... कधीच विश्वास नव्हता. आता स्वतःचंच लिहायला बसलेय. खाली 'फेकू नका' अशी कमेंट येणार हेही माहीत आहे. खुशाल लिहा.

मी जळगावची, पिंप्राळ्यातली. लग्नानंतर मेलबर्नला. तिथून मुंबई जवळजवळ दहा हजार किलोमीटर — थेट विमानालासुद्धा साडेबारा-तेरा तास लागतात. एवढं लक्षात असू द्या.

गेल्या वर्षी थंडीत भाऊचा फोन आला. "आबांचं काही खरं नाही. निघ." आबा म्हणजे आमचे वडील. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं. संध्याकाळी मुंबईत उतरले, फोन चालू केला... भाऊ उचलेना, वहिनी उचलेना. तशीच टॅक्सी केली. धुळं मागे पडलं आणि चुलतभावाचा मेसेज आला — आबा गेले.

घरी पोहोचले तेव्हा उजाडलं होतं. भाऊ फाटकातच उभा.

"पुन्हा कशाला आलीस?"

"पुन्हा? भाऊ, मी आत्ताच..."

"काल दुपारी आबांच्या कानात काय सांगितलंस? बोल!"

मला वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलंय. मी वहिनीकडे पाहिलं, तर ती मागे सरकली. शेजारच्या अक्का कुंपणापलीकडून ओरडल्या, "मी मन्हा डोयाघाई दखं ना, तूच व्हती!" त्यांनीही मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे.

मग वहिनीनं अडखळत सांगितलं. काल दुपारी मी आले होते म्हणे. हातात सामान नाही, पायात चप्पल नाही. पाणी दिलं ते घेतलं नाही, सरळ आबांच्या खोलीत गेले. आबा खूश झाले, "वर्षा आली" म्हणाले. मग मी वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले आणि आबा किंचाळले. भाऊ धावत येईपर्यंत मी मागच्या दारानं निघून गेले होते. त्यानंतर आबा शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले — "तिले परत येऊ देऊ नका."

काल दुपारी मी समुद्रावर होते हो! सीटला पट्ट्यानं बांधलेली!

मी पासपोर्ट काढून कालच्या तारखेचा शिक्का आणि त्यातच ठेवलेला बोर्डिंग पास दाखवला, त्यावर विमानाची वेळ होती. भाऊनं दोन्ही नीट पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, आता हा मला जवळ घेईल... त्यानं पासपोर्ट माझ्या अंगावर फेकला.

"मग तुझं तोंड घेऊन कोण आलं होतं? जे कोणी असेल, ते तुझ्यामुळेच आलं. निघ इथून!"

आबांच्या पायांना हातसुद्धा लावू दिला नाही. त्यांना नेलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला, टॅक्सीला धरून उभी होते.

मागच्या महिन्यात अचानक वहिनीचा फोन आला. कुजबुजत होती.

"ताई, तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"घरीच. मेलबर्नला. का गं?"

 लांबून, फाटकाकडून भाऊचं ओरडणं ऐकू आलं — "तुला सांगितलं होतं ना, इथं पाय ठेवायचा नाही!"

तो फोनवर बोलत नव्हता.

फोन कट झाला. तेव्हापासून दोघांपैकी कुणीही माझा फोन उचललेला नाही. हे काय आहे, मला अजून कळलेलं नाही. जाऊन बघावं म्हणते... पण मी दारात उभी राहिले, तर मी मीच आहे हे त्यांना कसं पटवू?