दादाला पुण्याला कसं ठेवलं

सव्वीस वर्षांच्या माणसानं आज कोणता शर्ट घालायचा हे त्याची आई ठरवत असेल, तर त्याला मी माया म्हणत नाही. नासाडी म्हणते. आमच्या घरात ती मोठ्या अभिमानानं चालली होती.

माझा थोरला भाऊ पदवी घेऊन घरी होता. फौजेच्या भरतीत उंची कमी पडली, सरकारी नोकरीच्या परीक्षाही देऊन झाल्या. मग त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं काम शोधलं. तासगावकडच्या एका बागायतदाराच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरनं औषध फवारायचं. त्याला ते जमत होतं, आवडतही होतं. बागायतदार पुढच्या हंगामात सगळ्या बागांची फवारणी त्याच्यावर सोपवणार होता.

सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या आमच्या आबांना मात्र हे लांच्छन वाटलं. "दुसऱ्याच्या बागंत औषध मारायला शिकवलंय व्हय तुला?" उभी हयात दुसऱ्याच्या हुकमावर सलाम ठोकलेला माणूस हे विचारत होता! शेवटी त्यांनी तोड काढली : जायचं तर मागच्या दारानं, तोंडाला फडकं बांधून. आणि कडेगावच्या बाजारात कुणी चौकशी केली की सांगायचे, "थोरला पुण्याला असतो, कंपनीत."

मी तेव्हा कराडला कॉलेजच्या फाटकावर बेरोजगारीची पत्रकं वाटत होते. घरी आई-आबा कामाला लागलेल्या पोराला लपवून, नसलेल्या नोकरीवर मिरवत होते. पत्रकात हे लिहिलं असतं तर लोकांनी मलाच खोटारडी ठरवलं असतं.

मग एका रविवारी मुलीकडची माणसं घर बघायला आली. आईनं चुलतभावाकडून मागून आणलेली ओळखपत्राची पट्टी दादाच्या गळ्यात अडकवली. कार्डावर फोटो चुलतभावाचा, म्हणून ते खिशात कोंबलं.

"आई, आज रविवार आहे," मी म्हणाले.

"आसूं दे. हापिसरावाणी दिसतंय. तू पोह्यांचं बघ."

मुलीचे मामा बशी हातात धरून दादाला न्याहाळत राहिले. "कंपनीवालं रविवारीबी पट्टी काढू देत न्हाईत व्हय, सुभेदार?"

"लय कडक कंपनी हाय," आबा म्हणाले.

"आन मोरचूदबी कालवाय लावत्यात? पोराची नखं बघा की निळी. आवं, आमी बागंवालीच माणसं."

मोरचुदाच्या फवारणीचा रंग नखांत बसला की साबणानं जात नाही. आई त्याच्या शर्टाला इस्त्री करत बसली होती, हाताकडे तिनं पाहिलंच नव्हतं.

मामा हसले. "ब्लोअर चालवतोस व्हय रं? सांग की. आमाला राबणारा जावई पायजेच हाय, गड्या."

काम, मुलगी, मोकळेपणानं पुढच्या दारानं जाणं, सगळं समोर वाढून ठेवलं होतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. दादानं आबांकडे पाहिलं.

"पुण्याला असतो," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "कालच बागेत होता."

"तू आत जा!" आबा गरजले.

मामांनी बशी खाली ठेवली. "तिनं सांगून काय उपेग? त्यानं सांगाय पायजे हुतं," एवढं बोलून ते चपला घालायला उठले.

संध्याकाळी बागायतदाराचा फोन आला. दादा शेजारीच उभा असताना आबांनी तो उचलला. "त्यो आता पुण्याला गेला. दुसरा माणूस बघा." दादानं फोनसाठी हातसुद्धा पुढं केला नाही. आबांचा राग येतोच. पण त्या लोंबत्या हाताची मला जास्त किळस आली.

आबांनी फोन ठेवल्यावर दादा बोलला. मला वाटलं, आता तरी तोंड उघडेल.

"आबा, कंपनीचं नाव काय सांगायचं ते एकदा ठरवा. फुडल्या पावण्यांनी इचारलं तर?"

आणि तिघं नाव शोधायला बसले.