दुसऱ्या मजल्यावरचे न छापलेले प्रयोग

संशोधनात जे जमतं ते छापून येतं. जे जमत नाही त्याचं काय होतं? त्याचे किस्से होतात! आमच्या लॅबमध्ये छापून आलेलं एका फायलीत मावेल, पण किस्से सांगायला बसलो तर चहाचे तीन राउंड होतात. रत्नपारखी सर गेल्यापासून तर आम्ही भेटलो की दुसरा विषयच निघत नाही.

आधी ओळख करून देते. आमची लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. सर मूळचे फिजिक्सचे, पण पन्नाशीला आल्यावर त्यांना जिवंत गोष्टींचं वेड लागलं. मी त्यांची विद्यार्थिनी, आता तिथंच शिकवते. बालाजी अजिंठ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, तोही फिजिक्सचाच. आणि नसरीन झूलॉजीची, छावणी भागात राहणारी. बस्स, एवढेच आम्ही.

दारावर पाटी होती, ‘जीवभौतिकी प्रयोगशाळा’. त्यातलं ‘प्रयोगशाळा’ वाचून एक गृहस्थ थेट आत आले. हातात डॉक्टरची चिठ्ठी.

“इथं थायरॉइड होतं का?”

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग सरच ते! म्हणाले, “थायरॉइड नाही होत, पण आलाच आहात तर हे बघा.” आणि मायक्रोस्कोपखाली तळ्याच्या पाण्यातला अमीबा दाखवला. गृहस्थ बराच वेळ डोळा लावून बसले. मान वर केली तेव्हा चेहरा पडलेला.

“सर, हे माझ्यातलं हाय का?”

“नाही हो, तळ्यातलं आहे!”

“मग लई बरं वाटलं बघा,” म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घालून निघून गेले. आमच्या लॅबमधून पूर्ण समाधानानं बाहेर पडलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस!

* * *

आमचं मुख्य काम लेझरच्या चिमट्याचं. लेझरचा किरण भिंगातून एका बिंदूवर आणला की त्या बिंदूत एखादी जिवंत पेशी धरून ठेवता येते. नुसत्या उजेडानं! पण त्याला टेबल असं लागतं, की जे अजिबात हलत नाही. तसलं टेबल बाहेरून मागवावं लागतं आणि ते मंजूर होत नव्हतं. खाली रस्त्यावरून ट्रक गेला की वर आमची पेशी भांगडा करायची.

शेवटी बालाजीनं पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या ट्यूबा आणल्या. हवा भरली, वर जाड फरशी ठेवली, फरशीवर लेझर. ट्रक जाऊ दे नाही तर रोडरोलर, पेशी जागची हलेना! सर लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते.

मग तज्ज्ञांची कमिटी आली. त्यातल्या एकांनी वाकून ट्यूबा पाहिल्या.

“याला तुम्ही उपकरण म्हणता?”

सर म्हणाले, “पंक्चर होईपर्यंत उपकरणच आहे, साहेब. पंक्चर झाल्यावर जुगाड!”

आम्ही सगळे हसलो. कमिटी हसली नाही. टेबल काही आलं नाही, सर रिटायर झाले तरी. मला अजून वाटतं, त्या दिवशी सरांनी फक्त “हो सर” म्हणायला हवं होतं. पण तसं म्हणाले असते तर ते आमचे सर कसले?

* * *

नसरीनचा विषय होता माशाचं हृदय. झेब्रा फिश म्हणून बोटाएवढा मासा असतो. त्याच्या हृदयाला इजा झाली तर ते स्वतःला पुन्हा जोडून घेतं. माणसाला हे जमत नाही. का जमत नाही, ते तिला शोधायचं होतं.

घरी तिला स्थळं बघणं चालू होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, “लडकी क्या करती?”

तिची अम्मी म्हणाली, “दिल का काम करती.”

“माशाल्ला! डॉक्टर है?”

नसरीन आतून ओरडली, “मच्छी की!”

ते स्थळ गेलं. नसरीनला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचा जीव माशांत होता.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आता आपल्या गावात ते काही नवीन नाही. बिल्डिंगच्या टाकीत टँकरचं पाणी पडायला लागलं. एरवी नसरीन पाणी बादल्यांत भरून, त्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून दोन-तीन दिवस तसंच ठेवायची, मग माशांना द्यायची. ती मावसभावाच्या लग्नाला नांदेडला गेली आणि कुणीतरी चांगल्या मनानं माशांच्या टाक्यांत ताजं पाणी भरलं. त्या खेपेला टँकरवाल्यानं ब्लीचिंग पावडर सढळ हातानं टाकली होती.

ती परत आली तेव्हा सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. इजा केलेले, न केलेले, बरे होत आलेले, सगळे. ती जाळी हातात घेऊन नुसती उभी. सर जवळ गेले तर तीच म्हणाली,

“टूटा हुआ दिल जोड़ लेते थे बिचारे, सर. टँकर के पानी कू हार गए.”

आणि मग हसली. ते हसणं ऐकून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तिनं नंतर विषय बदलला, काहीतरी संगणकावरचा घेतला, पीएचडी पण झाली. आता परभणीकडं एका कॉलेजात शिकवते. घरी मासे पाळत नाही.

* * *

बालाजीचा किस्सा कपाशीचा. झाडाला पाणी कमी पडलं की त्याच्या खोडात बारीक बुडबुडे फुटतात आणि टकटक असा आवाज होतो. पण तो इतका वरच्या पट्टीतला, की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. बालाजीनं गच्चीवर कुंड्यांत कपाशी लावली, शेजारी खास माइक ठेवला. काही कुंड्यांना पाणी, काहींना नाही. आवाज संगणकावर खालच्या पट्टीत आणून हेडफोनला दिला, आणि कोरड्या कुंडीतून आलं, टक्! टक् टक्!

त्यानं तिथूनच वडिलांना फोन लावला.

“बा, कपाशी बोलती!”

“काय म्हणती?”

“पानी मागती!”

पलीकडून वडील म्हणाले, “आन् दिल्यावर थँक्यू म्हणती का?”

आम्ही पोट धरून हसलो. पण सरांना तो प्रश्न आवडला! म्हणाले, “बरोबर विचारलं त्यांनी. पाणी दिल्यावर आवाज किती वेळात थांबतो, ते मोजलंस का? अजून एक हंगाम घे.”

बालाजीनं घेतला. तो हंगाम संपत आला असताना परदेशातल्या एका टीमचा पेपर आला. तहानलेल्या झाडांचा आवाज, टोमॅटोवर, तंबाखूवर. जगभर बातम्या! आमच्या कॉलनीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुद्धा आली.

सर त्याला समजावत राहिले. “अरे, त्यांचा टोमॅटो आहे. आपली कपाशी आहे ना!”

बालाजी कुंड्या उचलत म्हणाला, “सर, तहान तर तीच हाय.”

* * *

‘अजून एकदा बघू’ हे सरांचं ठरलेलं वाक्य. कितीही सुंदर आकडे येवोत, सर म्हणणार, अजून एकदा बघू. बालाजी म्हणायचा, “सरांच्या लग्नात मंगलाष्टका दोनदा झाल्या असतील!”

एकदाचा आमचा एक पेपर सरांच्या हातून सुटला. नियतकालिकाच्या परीक्षकाचं उत्तर आलं: काम चांगलं आहे, मात्र प्रयोग अजून एकदा करून पाहावा. आम्ही कपाळाला हात लावला. सर मात्र खूश!

“बघा, जगात कुठंतरी माझ्यासारखा माणूस आहे!”

अडचण एवढीच होती, की तोवर लेझर जळाला होता. नवा येईपर्यंत मुदत संपली. परीक्षकाचं नाव कधी कळवत नाहीत, आणि सर त्या माणसाचं नाव कळलं नाही म्हणूनच फार हळहळले. पेपरासाठी हळहळले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

* * *

बालाजीचं लग्न झालं, मग त्यानं वाळूजच्या एमआयडीसीत कंपनी धरली. त्या मुलाखतीचा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो.

मॅनेजर म्हणाला, “एवढी वर्षं तुम्ही केलं काय?”

“सर, उजेडानं वस्तू उचलायचो.”

“किती वजनाची?”

बालाजीनं हिशेब सांगितला. मॅनेजरनं शेजारच्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “आमच्याकडं क्रेन आहे.”

तरी घेतलं त्याला. आता बजाजनगरात राहतो. त्याचं काम काय, तर मशीनवर माइक लावायचा आणि बेअरिंग खराब होण्याआधी त्याचा आवाज ओळखायचा. त्यात तो एक नंबर आहे म्हणे.

मी विचारलं, “मग बरं चाललंय की?”

“व्हय ताई. पगार टायमावर, बॉस चांगला.” मग म्हणाला, “पर मशीन खराब व्हती म्हनून बोलती. तिला काय पायजे नसतं.”

* * *

आता हा शेवटचा. हा आम्ही फारसा सांगत नाही.

रक्तातली तांबडी पेशी किती ताणली जाते, हे आम्हाला मोजायचं होतं. दोन बाजूंनी दोन किरणांनी धरायची, हळूहळू ओढायची. लोकांचं रक्त घ्यायचं तर परवानग्या लागतात, आणि त्या येईनात. सरांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. “परवानगी येईपर्यंत माझ्यावर शिका!” त्यांच्या एका पेशीचा व्हिडिओ इतका स्वच्छ आला, की शाळा-कॉलेजची मुलं लॅब बघायला आली की मी अजून तोच लावते.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी पेपर वाचताना, खुर्चीतच. पावसाळा संपता संपता काकू, सरांच्या पत्नी, लॅबमध्ये आल्या. सरांच्या कपाटात लॅबची दोन भिंगं सापडली होती, ती परत करायला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा येत होत्या. सर म्हणायचे, तुला एकदा निवांत दाखवतो. ते निवांत काही आलं नाही.

त्या दिवशी शाळेची मुलं येणार होती म्हणून स्क्रीनवर तो व्हिडिओ चालू होता. बालाजी पण सुट्टी काढून मदतीला आलेला.

काकूंनी विचारलं, “हे काय गं, मुग्धा?”

मी बंद करायला उठले. बालाजीच बोलून गेला.

“काकू, ही सरांची पेशी हाय. सरांच्या रक्तातली.”

काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पडद्यावर पेशी दोन्हीकडून ताणली जात होती, लांबट होत होती, थरथरत होती.

“हे घेतलं तेव्हा जिवंत होती?”

“हो काकू.”

“ओढताय कशाला तिला?”

“ती किती ताण सोसते ते बघायला. सोडली की परत पहिल्यासारखी गोल होते.”

“दुखत असेल?”

“नाही काकू. पेशीला दुखत नाही.”

त्यांनी मान हलवली. व्हिडिओ संपला, आपोआप पुन्हा सुरू झाला. परत तेच, धरलेली, ताणलेली, थरथरणारी. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. जिन्यात मुलांचा गलका ऐकू यायला लागला होता.

काकू पडद्याकडं बघतच हळू आवाजात म्हणाल्या,

“सोडा आता त्यांना.”