पितळेवरच्या रेघा

पितळेवर तिरपं ऊन पडलं की छिन्नीची बारीकशी रेघसुद्धा उठून दिसते. मला हे फार उशिरा कळलं.

आमच्या कारखान्यात शंभर वर्षांपूर्वीचं एक वाफेचं इंजिन पुन्हा उभं करायचं काम चाललंय. एके काळी ते मेल गाडी ओढायचं. त्याच्या चाकांच्या आसांवर बसणारी सहा पितळी बेअरिंगं साहेबांनी मला साफ करायला दिली होती. सातवीत शाळा सोडून घरापासून इतक्या लांब आलोय, काम टिकायला हवं, म्हणून मी ती आरशासारखी चमकवली. कडेवरचे ओरखडेही ग्राइंडरने घालवले.

जुने फिटर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी एक बेअरिंग उन्हात धरलं.

"रेघा कुठं गेल्या रे?"

"घासल्या, मामा. खराब दिसत होत्या."

"शाब्बास. आता त्यांनाच विचार, कुणाची जागा कुठली ते."

एक रेघ म्हणजे पहिली जागा, दोन म्हणजे दुसरी. प्रत्येक बेअरिंग आपापल्याच जागी नीट बसतं. रेघा मारणाऱ्यालाही कदाचित ड्रॉइंग वाचता येत नसेल. माझ्यासारख्याला वाचता येईल असं त्याने लिहून ठेवलं होतं, आणि तेच मी पुसलं. ड्रॉइंग वाचता येत नाही याची लाज मला रोजचीच. ही त्याहून खोल गेली.

मामांनी साहेबांना काही सांगितलं नाही. दोन दिवस एकेक बेअरिंग बसवून, काढून त्यांनी जागा जुळवल्या. मग छिन्नी माझ्या हातात दिली. पहिलीच रेघ वाकडी गेली.

"असू दे," मामा म्हणाले, "पुढच्याला मोजता आली म्हणजे झालं."