कुकाऱ्याला ओ

आपली नात समोरच्याच काठावर आहे, ही बातमी भिवाजीला परक्या तोंडून कळली. आणि कळली तीही भर पाण्यात, जिथे माणसाला रागाने ताडकन उठूनही उभे राहता येत नाही.

मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर शहरातल्या मुलांचे उन्हाळी शिबिर भरले होते. डोंगरवाडीची सोनम तिथल्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला जाई. तिला सकाळी पोहोचवायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, एवढेच काम भिवाजीच्या होडीला आता उरले होते. काठाने डांबरी रस्ता झाल्यापासून बाकीचे उतारू गाड्यांवर गेले होते.

"बाबा, तुमची जुईली लई वाळली वो," सोनम सहज बोलून गेली.

"तू कुटं बघितलीस तिला?"

"कुटं म्हंजी? क्यांपात. आत्ता दुपारी भाकर वाढली. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

भिवाजीने वल्हे पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवे घेतले. होडी आपल्या नादात थोडी पुढे सरकली आणि थांबली.

जुईली ही त्याच्या शेखरची मुलगी, राहणार बावधन. दर मे महिन्यात ती गावी येई आणि सारा महिना ह्याच होडीच्या टोकाशी बसून काढी. यंदा शेखरने फोनवर सांगितले होते की तिचे कसलेसे क्लास आहेत, जमणार नाही. भिवाजीने ते मुकाट्याने ऐकून घेतले होते. त्याच्या बायकोने, गोजराबाईने मात्र आंब्यांची अढी लावायची ती लावलीच होती, आणि आता ते आंबे दोघा म्हाताऱ्यांना खाववत नव्हते.

घरी येऊन त्याने पाय धुतले, मग शेखरला फोन लावला.

"पोरगी कुटं हाय?"

"शिबिराला गेलीये, दादा."

"कुटल्या गावाला?"

"मुळशीलाच."

"मुळशीलाच. आन तितं काय शिकिवत्यात?"

"गावाकडचं जगणं शिकवतात. चुलीवर स्वयंपाक, गोठा सारवणं, नाव वल्हवणं. सोसायटीतली सगळी मुलं गेली, मग ती एकटी मागे कशी राहणार?"

"आन आमी हितं काय विमान चालवतो?"

"तसं नाही हो. घरच्यांपासून लांब राहून मुलं स्वावलंबी होतात. म्हणून तिथं घरच्यांनी भेटायचं नाही, फोन करायचा नाही. आम्हालाही नाही. ग्रुपवर रोज फोटो येतात, तेवढेच. पलीकडे आबा आहेत हे तिच्या ध्यानात राहिलं असतं, तर ती तिथं टिकलीच नसती. म्हणून आबा-आजी यंदा गावी नाहीत असंच सांगितलं तिला."

"आन मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही टिकला नसता."

भिवाजीने फोन ठेवला. बापाला असे बोलल्याचे शेखरला काही वाटलेही नसेल, या विचाराने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोड्या वेळाने शेखरने पाठवलेला फोटो आला. जुईली चुलीपुढे उकिडवी बसली होती, डोक्याला शिबिराची पिवळी टोपी होती. गोजराबाईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हसतीया," भिवाजी म्हणाला.

"दात दिसत्यात. डोळं बघा की." तिने फोन खाली ठेवला. "काखेत कळसा, आन त्यो बी असा, का हात लावाया मनाई."

दुसऱ्या दिवशी सोनमला उतरवून भिवाजी शिबिराच्या दारापर्यंत चालत गेला. डोक्याला पटका होता, हातात पिकलेल्या आंब्यांची पिशवी होती. दारावरच्या रखवालदाराने त्याला हात जोडले, पाणी दिले, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "अंदर मना है, बाबा." तो परमुलखातून पोटासाठी आलेला माणूस, त्याच्याशी काय भांडायचे? ज्या उताराला आपण उभा जन्म होडी लावली, तिथे आपल्याला पाहुण्यासारखी खुर्ची मिळावी, हाच अपमान भिवाजीला पुरेसा झाला. तो पिशवी घेऊन परतला.

त्या संध्याकाळी सोनमला घरी सोडल्यावर तो पुन्हा काठावर आला, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि त्याने कुकारा दिला.

ह्या पाण्यावर पूर्वी फोन नव्हते, तेव्हा कुकारा होता. होडी हवी असलेला माणूस पलीकडून लांब "कूऽऽ" अशी हाक देई आणि नावाडी तशीच ओ देई. प्रत्येकाचा कुकारा निराळा. अंधारातही भिवाजी आवाजावरून उतारू ओळखत असे. आणि एक रीत होती, जी त्याने कधी मोडली नाही: ऐकलेला कुकारा ओ दिल्यावाचून ठेवायचा नाही. शेखर लहानपणी ह्याच काठावरून कुकारे देई. गेल्या उन्हाळ्यात जुईली शिकली होती, आणि तिच्या कुकाऱ्याला शेवटी एक उचकीसारखा हिसका असे.

हाक पाण्यावरून गेली. पलीकडच्या तंबूंत दिवे लागत होते. बराच वेळ काहीच आले नाही. मग एक बारीक, कापरी, शेवटी हिसका बसलेली ओ आली. भिवाजी तिथेच दगडावर बसला. एवढे त्याला पुरले असते.

पण सकाळी होडीत बसताबसता सोनमने सांगितले, "बाबा, काल तुमी कुकारा दिला न्हवं? पोरगी जेवणावरनं उठून पळत गेली काठाला. सरांनी आज तिला नावंत बसू द्यायचं न्हाई असं ठरिवलंय. शांततेची येळ मोडली म्हनं."

"कुणाचा आवाज ते इचारलं का?"

"इचारलं. ती म्हनली, माझ्या आबांचा. त्यास्नी वाटलं, पोर घरच्या आठवणीनं काय बी बोलतीया."

नावाड्याच्या नातीला नावेत बसायची मनाई. भिवाजीने त्या दिवशी वल्हे असे मारले की सोनमने दोन्ही हातांनी होडीची कड धरली. संध्याकाळी तो काठावर गेला, तळवे तोंडाशी नेले आणि खाली घेतले. आपल्या हाकेची शिक्षा तिला नको. त्याच्याही पुढच्या दिवशी तो गप्प राहिला. गप्प राहून त्याचा राग होता त्याहून वाढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. शिबिराचा व्यवस्थापक आला होता. तरुण, नम्र, उन्हाने लाल झालेला. सोनमकडून त्याला खरे काय ते कळले होते.

"सॉरी काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. पण बघा ना, जुईलीमुळे आता सगळी मुलं तो आवाज काढायला बघतायत. तुम्ही येऊन शिकवाल का? गावातल्या जुन्या गोष्टी, असं सेशन असतं आमचं. आम्ही मानधनही देतो."

भिवाजीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. "यीन की. त्याला मानधन कशाला?"

"फक्त एक रिक्वेस्ट आहे. जुईलीला ओळख दाखवू नका. तिलाही मी समजावतो. एकीचे आजोबा आले असं दिसलं, की बाकीची मुलं रडायला लागतात. सगळ्यांना सारखा नियम हवा ना?"

पोराच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यामुळेच ते जास्त झोंबले. भिवाजीने खांद्यावरचा पंचा काढून हळूहळू घडी केली.

"साहेब, कुकारा म्हंजी काय, ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई. मी कोण हाय आन कुटं हाय, एवढं सांगाया माणूस कुकारा देतो. वळख लपवून दिला, तर ती कोल्हेकुई झाली. ती कोल्ह्यांकडनं शिकून घ्या. डोंगरात लई हायेत."

गोजराबाईने चहा पुढे केला. "च्या घ्या सर. आन जाताना आंबं न्या पोरास्नी. कुणी दिलं ते मातुर सांगू नका, न्हाईतर आठवण यायची एखादीला."

व्यवस्थापकाने चहा घेतला, आंबेही नेले. ते नेताना त्याचे कान लाल झाले होते, उन्हाने किंवा कशाने.

त्या संध्याकाळी भिवाजी होडीतले पाणी उपसत होता. तोच पलीकडून कुकारा आला. ही ओ नव्हती. ही हाक होती. लांब, पूर्ण छातीतून दिलेली, शेवटी तो हिसका. पलीकडून कुकारा आला की अर्थ एकच असे: होडी आणा.

भिवाजीने ओ दिली आणि दोर सोडला.

तो उताराला लागला, तेव्हा जुईली घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि तिच्या मागे शिबिरातली मुले दाटीवाटीने उभी होती. ती धावत आली आणि त्याच्या कमरेला बिलगली. रडली नाही. मागची मुलेही रडली नाहीत. ती होडीकडे बघत होती.

"काका, प्लीज," व्यवस्थापक पुढे झाला. "मी सांगितलं होतं तुम्हाला. भेटीला परवानगी नाही."

"भेटाया कोण आलंय? बोलावणं आलं, मी व्हडी आणली. पोरीला पळवून न्यायला मी काय चोर हाय? लावा तिच्या बापाला फोन."

फोन लागला. व्यवस्थापकाने शेखरला घडले ते थोडक्यात सांगितले आणि फोन भिवाजीच्या हाती दिला.

"दादा, दोनच दिवस राहिलेत हो शिबिराचे," शेखर म्हणाला. "एवढी काय घाई होती?"

"मला न्हवती. म्या तर तोंड शिवून बसलो हुतो. पोरीनं हाक दिली." भिवाजी नातीकडे वळला. "दे गं, तुझ्या बापाला ऐकू दे."

जुईलीने फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि कुकारा दिला. पाण्यावरून तो आवाज गेला, समोरच्या डोंगराला लागून परत आला. फोनमधून मात्र काहीच आले नाही. भिवाजीने तो कानाला लावला. आत नुसता श्वास ऐकू येत होता.

"ऐकलास न्हवं? मग ओ दे की."

"दादा, मी ऑफिसात आहे. लोक आहेत इथं."

"आसू देत. हितं बी लोकं हायेत."

फोनमध्ये दार लागल्याचा आवाज आला. मग शेखर हलक्या आवाजात म्हणाला, "तिला आज घरी न्या. सरांना फोन द्या, मी बोलतो त्यांच्याशी. उद्या सकाळी मी येतो."

"ये. पर गाडीनं दारात यिऊ नगंस, लांबचा वळसा पडंल. हितं ह्याच काठाला उभा ऱ्हा आन कुकारा दे. आवाज वळखीचा वाटला, तर व्हडी आणीन."

त्याने फोन व्यवस्थापकाच्या हाती दिला आणि नातीला होडीच्या टोकाशी, तिच्या जागेवर, बसवले.